गिरणीचं पाणी आणि पालेभाजीचा मळा

मंडळी, सोलापूरचा इतिहास आपण नेहमी चादरीवरून सांगतो. आज तो पाण्यावरून बघू. 1877 मध्ये, ऐन दुष्काळात, इथे कापडगिरणी सुरू झाली. तीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेली. मग आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग वाढवले. माग आला की सूत रंगवणं आलं, आणि रंगाचं पाणी उताराने नाल्याला लागलं.

आपला जिल्हा अवर्षणाचा. उन्हाळ्यात विहीर तळ गाठते, नाला मात्र वाहता असतो. त्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं, म्हणजे नत्र फुकट. पालक, मेथी, शेपू महिना-दीड महिन्यात रोख पैसा देतात. तेव्हा नाल्यावर मोटार बसवणाऱ्या शेतकऱ्याला आपण अडाणी म्हणू नये. त्याचा हिशोब चोख असतो. फक्त जमिनीचा आणि खाणाऱ्याचा खर्च त्यात दिसत नाही.

तो खर्च कसा होतो? सूत रंगवायला मीठ, सोडा, कॉस्टिक लागतं. त्यातलं सोडियम आपल्या काळ्या चिकण मातीत साठतं. मातीची घडण मोडते, पाणी मुरेनासं होतं, जमीन चोपण होते. मग लोह आणि जस्त पिकाला मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात. दुसरी गोष्ट जड धातूंची. कारखान्यांच्या पाण्यात कॅडमियम असेल तर ते मुळावाटे पानात चढतं, आणि पालेभाजीत आपण खातो ते पानच. वरचा गाळ धुऊन जातो. आत शिरलेलं जात नाही. उलट नत्रामुळे तीच जुडी बाजारात जास्त हिरवीगार दिसते.

जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम पाटाच्या पाण्याने भातात उतरलं. त्यातून हाडं ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग झाला; सरकारने 1968 मध्ये ते मान्य केलं. सोलापुरात तसं झालं असं आम्ही म्हणत नाही. पाण्यातून पिकात जाण्याची वाट तीच आहे, एवढंच म्हणतो.

आपल्याकडे जलप्रदूषणाचा कायदा 1974 चा. पुढे मानकं ठरली, तेव्हा सांडपाण्याचा बीओडी नदीत सोडताना लिटरला 30 मिलिग्रॅम आणि सिंचनासाठी 100 धरला गेला. कारण माती सेंद्रिय घाण पचवते. पण सोडियम आणि कॅडमियम माती पचवत नाही, साठवते. म्हणून रंगाचं पाणी शहराच्या सांडपाण्यात मिसळण्याआधीच वेगळं काढून शुद्ध केलं पाहिजे. आणि तोवर त्या पाण्यावर पालेभाजी घेऊ नये. फुलं, कापूस घ्यावा. शेतकऱ्याचं पाणी न तोडता करता येण्यासारखं हे काम आहे.