गोव्यात ‘भायलो’ कोण? पाच वर्षं, पंधरा वर्षं की तीस – बदलत्या राजकीय भूमिका आणि सीमेवरच्या कुटुंबांचा हिशेब

पेडणे प्रतिनिधी

धारगळ : सकाळी पत्रादेवीच्या नाक्यावर अर्धा तास थांबलं तरी चित्र स्पष्ट होतं. एमएच-०७ नंबरच्या दुचाक्या एकामागून एक गोव्यात शिरतात. कोणी औद्योगिक वसाहतीत, कोणी हॉटेलात, कोणी मोपाच्या विमानतळावर, कोणी बांधकामावर. संध्याकाळी त्याच दुचाक्या बांदा, सावंतवाडी, दोडामार्गकडे परततात. काहीजण परतत नाहीत. धारगळ, कोलवाळ, म्हापसा इथं खोली घेऊन राहतात, मुलांना इथल्याच शाळेत घालतात. त्यांच्यापेक्षा लांबून, म्हणजे उत्तर कर्नाटक, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली कुटुंबंही याच वाड्यांवर भाड्यानं राहतात.

या सगळ्यांना कोकणीत एकच शब्द आहे – भायलो, म्हणजे बाहेरचा. पण माणूस किती वर्षांनी ‘भायलो’ राहत नाही, याचं उत्तर कोणता पुढारी, कुठल्या साली आणि कुठल्या योजनेबद्दल बोलतोय यावर अवलंबून असतं. भूमिका कशा बदलत गेल्या, प्रत्यक्ष नियम काय आहेत आणि कुटुंबांनी काय सांभाळावं, याची ही एकत्र माहिती.

सीमा कधी नव्हती, मग कशी आली?

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेडणे महाल सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता. नंतर तो पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीत गेला. सत्ता बदलली, पण सोयरीक, देवस्थानं आणि बाजार तसेच राहिले. आजही पेडण्यात अशी घरं कमी, ज्यांचं सिंधुदुर्गात कोणी नाही.

१९६१ च्या मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षानं गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याची मागणी लावून धरली. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. संघप्रदेश राहावा या बाजूनं १ लाख ७२ हजार १९१, तर विलीनीकरणाच्या बाजूनं १ लाख ३८ हजार १७० मतं पडली. नोकरीधंद्यासाठी मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांना त्या कौलात मत नव्हतं. म्हणजे ‘आपला कोण’ हे रहिवासावरून ठरवण्याची गोष्ट तेव्हापासूनची आहे, आणि तेव्हा बाहेर राहिले ते गोवेकरच होते.

कौल विरोधात गेला तरी त्याच वर्षीच्या निवडणुकीत मगो पुन्हा सत्तेवर आला. पुढं पक्षानं विलीनीकरणाचा मुद्दा मागं टाकला. ३० मे १९८७ ला गोवा स्वतंत्र राज्य झालं. जी रेषा पुसायची होती, तीच आता नोकरी, इस्पितळ आणि घर यांची हद्द बनली.

तीस वर्षांचा ‘भूमिपुत्र’ : जुलै २०२१

३० जुलै २०२१ ला, पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी गोवा विधानसभेत भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक संमत झालं. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या सरकारच्या या विधेयकात तीस वर्षं गोव्यात राहणाऱ्या व्यक्तीला ‘भूमिपुत्र’ म्हणण्याची तरतूद होती. १ एप्रिल २०१९ पूर्वी बांधलेल्या, २५० चौरस मीटरपर्यंतच्या घरावर त्याला मालकी हक्क मागता येणार होता. उपजिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समिती त्यावर निर्णय देणार होती.

विरोधकांनी टीकेची झोड उठवली. बाहेरून आलेल्यांची बेकायदा घरं मतांसाठी कायदेशीर केली जातायत, असा आरोप झाला. आदिवासी संघटनांचा आक्षेप शब्दालाच होता. मूळचे भूमिपुत्र आम्ही, तीस वर्षांपूर्वी आलेल्याला तेच नाव कसं, हा त्यांचा प्रश्न होता. चार-पाच दिवसांतच मुख्यमंत्र्यांनी ‘भूमिपुत्र’ हा शब्द वगळण्याची आणि विधेयक पुढं न रेटण्याची भूमिका घेतली. त्याचा कायदा झाला नाही.

विरोध करणारे सगळे परप्रांतीयांचे वैरी नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवं. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यात कोमुनिदादीच्या जमिनी, जंगल, किनारा. जमीन एकदा गेली की परत येत नाही, ही भीती पेडण्यातल्या शेतकऱ्यालाही आहे.

मूळ १९६१ चं : पोगो

फेब्रुवारी २०२२ च्या निवडणुकीत रिव्होल्युशनरी गोवन्स पक्ष उतरला तो ‘पोगो’, म्हणजे गोमंतकीय मूळ असलेली व्यक्ती, या मागणीवर. आईवडील किंवा आजीआजोबा मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेले असावेत, असा या व्याख्येचा गाभा. पक्षाचे वीरेश बोरकर सांत आंद्रेतून निवडून आले. विधानसभेत हा विषय आला तेव्हा सरकारनं तो घटनाविरोधी ठरवला. त्याचाही कायदा झाला नाही, पण निवडणुकीची भाषा मात्र त्यानं बदलली. एका बाजूला तीस वर्षांचा रहिवास, दुसऱ्या बाजूला दोन पिढ्यांचं मूळ.

मे २०२३ : सूर बदलला

१ मे २०२३ ला, कामगार दिनाच्या कार्यक्रमात मुख्यमंत्री सावंत यांनी राज्यातल्या सुमारे ९० टक्के गुन्ह्यांमागं बिहार, उत्तर प्रदेशसारख्या राज्यांतून आलेले मजूर असतात, अशा आशयाचं विधान केलं आणि कामगार कार्डाची सक्ती पुढं मांडली. बिहारमधल्या पक्षांनी जोरदार आक्षेप घेतला, त्यानंतर खुलासा आला. दोन वर्षांपूर्वी ज्या सरकारनं जुन्या रहिवाशांना भूमिपुत्र म्हणायचं ठरवलं होतं, त्याच सरकारच्या प्रमुखांचं हे विधान.

२०२४ मध्ये भाडेकरू पडताळणीचा कायदा आला. घरमालकानं भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक, न दिल्यास दंड.

आणि २०२५ मध्ये पुन्हा घरांचा विषय. सरकारी जमिनीवरची २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची घरं नियमित करण्यासाठी महसूल कायद्यात दुरुस्ती झाली. ऑक्टोबरमध्ये ‘म्हजें घर’ योजनेचा शुभारंभ केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते झाला. या वेळी रहिवासाची अट पंधरा वर्षांची. चार वर्षांत तिसाची अट अर्ध्यावर आली, आणि वादग्रस्त शब्दही गेला. पुढची विधानसभा निवडणूक २०२७ च्या सुरुवातीला आहे.

इस्पितळाचा धडा : २०१८

भूमिका बदलली की कुटुंबावर काय येतं, हे सिंधुदुर्गानं सर्वात जवळून पाहिलं ते बांबोळीच्या गोमेकॉत. १ जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. त्याआधी दोडामार्ग, सावंतवाडीचा माणूस अपघात, हृदयविकार, बाळंतपणातली गुंतागुंत, कशासाठीही बांबोळीला मोफत जात होता.

गोव्याचं म्हणणं असं की खाटा भरलेल्या आणि खर्च गोव्याच्या करदात्याचा. सिंधुदुर्गाचं म्हणणं असं की आमची माणसं गोव्यातच राबतात, मग आजारपणात परकी कशी? दोडामार्गात मोठं आंदोलन झालं. तालुका गोव्यातच विलीन करा, अशीही मागणी तिथून पुढं आली. १९६७ च्या नेमकी उलटी! शेवटी महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून गोमेकॉत उपचार मिळण्याचा मार्ग काढण्यात आला.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. भाषणांनी प्रश्न सुटला नाही, दोन सरकारांनी बसून खर्च कोण उचलणार हे ठरवलं तेव्हा वाट निघाली.

सीमेपलीकडं आपणही तेच बोलतो

महाराष्ट्रातही १ डिसेंबर २०१९ च्या राज्यपालांच्या अभिभाषणात खासगी नोकऱ्यांत ८० टक्के स्थानिकांसाठी कायदा करू, असं आश्वासन होतं. म्हणजे कुडाळच्या एमआयडीसीत ‘भूमिपुत्र’ असलेला मुलगा धारगळला आला की ‘भायलो’.

बेळगाव, कारवारच्या वाचकांना जुलै २०२४ आठवत असेल. कर्नाटक मंत्रिमंडळानं खासगी उद्योगांत व्यवस्थापनातल्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना ठेवणारं विधेयक मंजूर केलं. त्यात पंधरा वर्षांच्या रहिवासाबरोबर कन्नड बोलता-लिहिता येण्याची अट होती. उद्योगांनी विरोध करताच ते बाजूला ठेवलं गेलं. हरयाणाचा ७५ टक्क्यांचा कायदा तर १७ नोव्हेंबर २०२३ ला पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयानं रद्दच केला.

याचं मूळ घटनेत आहे. कलम १९ प्रमाणं देशात कुठंही जाण्याचा, राहण्याचा हक्क आहे. कलम १६ प्रमाणं सरकारी नोकरीत केवळ जन्मस्थान किंवा रहिवासावरून भेदभाव करता येत नाही, रहिवासाची अट घालण्याचा अधिकार संसदेचा. घोषणा करणाऱ्यांनाही हे माहीत असतं. म्हणून घोषणा मोठी होते, कायदा अडतो, आणि प्रत्यक्ष बंधन येतं ते योजनांच्या अर्जातल्या अटीतून.

आज कुठं किती वर्षं लागतात?

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना : गोव्यात पाच वर्षांचा रहिवास.

गृह आधार आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजना : सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांचा रहिवास.

राज्य सरकारची नोकरी : पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचं ज्ञान. मराठी येत असेल तर ते इष्ट मानलं जातं, पण कोकणीला पर्याय नाही.

मतदारयादी : वर्षांची अट नाही. तुम्ही तिथं ‘सर्वसाधारण रहिवासी’ आहात, एवढं पुरतं. मात्र एकाच ठिकाणी नाव ठेवता येतं. गावाकडं आणि गोव्यात दोन्हीकडं नाव असणं गुन्हा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या विशेष सखोल पडताळणीत गोव्याचा समावेश होता, त्यामुळं आपलं नाव यादीत आहे ना हे एकदा तपासाच.

रेशन : ‘एक देश एक रेशन कार्ड’मध्ये गोवा आणि महाराष्ट्र दोन्ही जानेवारी २०२० पासून आहेत. अन्नसुरक्षा कायद्याखालचं धान्य गावच्या कार्डावर इथंही उचलता येतं.

जातीचा दाखला : इथं अनेकांची फसगत होते. महाराष्ट्रातून आलेल्या अनुसूचित जातीच्या कुटुंबाला गोव्याच्या राज्य आरक्षणाचा लाभ मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये हे स्पष्ट केलंय. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी मात्र मूळ राज्याचा दाखला चालतो.

कामगार हक्क : २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत स्वतःहून आलेला कामगारही ‘आंतरराज्य स्थलांतरित’ धरला जातो, वेतन महिना १८ हजारांपर्यंत असेल तर. अशा कामगारांची संख्या दहा किंवा जास्त असलेल्या आस्थापनेत गावी जाण्यायेण्याचा वार्षिक भत्ता मिळण्याची तरतूद आहे.

खरी अडचण : कागद

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. वर्षं माणूस राहतो म्हणून मोजली जात नाहीत, कागद बोलतो म्हणून मोजली जातात. अनेक घरमालक करारपत्र करत नाहीत. करार नाही तर वीजबिल मालकाच्या नावावर, आधारवर गावचा पत्ता, गॅसही मालकाचाच. माणूस बारा वर्षं धारगळात राहिलेला असतो, पण हिशेबाला लागतात तीन. भाडेकरू पडताळणी जाचक वाटते खरी, पण पोलिसांकडं दिलेल्या त्याच अर्जाची पोच भाडेकरूकडं असेल तर ती राहिल्याचा एक पुरावाही ठरू शकते.

म्हणून प्रत्येक कुटुंबानं एक फाईल करावी. भाडेकरार, पडताळणी अर्जाची पोच, मुलांचे शाळेचे बोनाफाइड आणि प्रगतिपुस्तकं, पगाराच्या स्लिपा, पीएफचा यूएएन नंबर, बँक पासबुक, इथं जन्मलेल्या मुलांचे जन्मदाखले. दरवर्षीचा निदान एक कागद हवा. अट पाचाची येवो, पंधराची की तिसाची, फाईल तीच चालते.

गोवेकरही कुठंतरी भायलोच

पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनमध्ये गेलेली हजारो गोमंतकीय कुटुंबं आहेत. २०१६ च्या ब्रेक्झिट कौलानंतर त्यांनाही आपण किती वर्षं तिथं राहिलो याचे पुरावे जमवावे लागले. त्या अर्जांची मुदत ३० जून २०२१ ला संपली. बरोबर महिन्यानं इकडं पर्वरीत भूमिपुत्र विधेयक संमत झालं.

पुढच्या निवडणुकीत हा विषय पुन्हा येणार, यात शंका नाही. मत मागायला वाडीवर येणाऱ्याला मग तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या, हे विचारून काही हाती लागणार नाही. रहिवासाची अट किती वर्षांची, कुठल्या तारखेपासून, कुठल्या कागदावर आणि खर्च कुणाचा, हे चार प्रश्न विचारा. स्थानिकानंही आणि भाडेकरूनंही.