नाणेघाटातील अडलेला आकडा



कोडे सुटत नाही म्हणून माणूस अडून बसतो, ही गोष्ट आपण सहसा इतिहासाच्या कक्षेत आणीत नाही. आजीने कोडे घालावे, नातवाने थोडा वेळ डोके खाजवावे आणि शेवटी ‘हरलो, सांग’ म्हणावे, एवढ्यावर तो विषय संपतो. परंतु गेल्या पन्नास वर्षांत संगणकावर खेळांचा एक प्रकार असा निघाला की, त्यात अडून बसणे हाच खेळाचा मुख्य भाग होता. आणि धसईच्या बाजाराला येणाऱ्या माणसाला पूर्वेकडे जी सह्याद्रीची भिंत दिसते, त्याच भिंतीच्या एका खिंडीत, मुरबाड तालुक्याच्या सीमेवर, असेच एक कोडे दोन हजार वर्षांमागे दगडावर कोरले गेले. त्यापुढे भले भले विद्वान जवळजवळ अर्धे शतक अडून बसले होते. आज या दोन्ही अडण्यांविषयी मला बोलावयाचे आहे. आधी खेळाचे सांगतो, कारण त्यामुळे घाटातली गोष्ट समजावयास सोपी जाईल.

मौज अशी की, या खेळांचा आरंभही एका खऱ्या गुहेतच झाला. विल क्राउदर नावाचा अमेरिकन संगणकतज्ज्ञ फावल्या वेळात गुहा धुंडाळीत असे. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या अफाट गुहेच्या मोजणीत व नकाशांत त्याने आणि त्याच्या पत्नीने काम केले होते. १९७६ च्या सुमारास त्याने त्या गुहेवर बेतलेला एक खेळ रचला आणि १९७७ साली डॉन वुड्स याने तो वाढविला. त्यात चित्र एकही नव्हते. पडद्यावर वर्णन यावयाचे, आणि खेळणाऱ्याने ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ अशा आज्ञा टंकावयाच्या. पुढे एका दालनात भला मोठा साप वाट अडवून बसलेला असे. त्याला मारण्याचा प्रयत्न व्यर्थ. उपाय मागे, दुसऱ्याच दालनात असे: तेथला एक छोटा पक्षी पिंजऱ्यात धरून आणावयाचा आणि सापापुढे सोडावयाचा. तो पक्षी सापाला पळवून लावी. पण खेळणाऱ्याच्या हाती काळी काठी असेल तर पक्षी भिऊन हाती लागत नसे! काठी खाली ठेवली पाहिजे, हे सुचेपर्यंत माणसे रात्री घालवीत.

या एका प्रसंगात या साऱ्या खेळांचे मर्म आहे. कोडे एका जागी असते आणि त्याची किल्ली दुसऱ्या जागी. ज्या दाराशी आपण अडलो त्या दारावर कितीही डोके आपटले तरी ते उघडत नाही. पाठ फिरवून आधी पाहिलेल्या जागा पुन्हा नीट पाहाव्या लागतात.

१९८० नंतर या खेळांत चित्रे आली, पुढे ‘माऊस’ आला, आणि चित्रातल्या वस्तूवर बाण नेऊन टिचकी मारली की काम होऊ लागले. पण कोड्यांची जात सुधारली असे म्हणवत नाही. १९८४ च्या ‘किंग्ज क्वेस्ट’ या खेळात एका बुटक्याचे नाव ओळखावयाचे होते. सूचना एवढीच की, कधी कधी उलटा विचार करणे शहाणपणाचे असते. जर्मन परीकथा ठाऊक असणाऱ्याने त्या कथेतील नाव उलटे लिहिले तर ते चूक! तेथे सगळी इंग्रजी वर्णमालाच उलटी करून पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचे, दुसऱ्याच्या जागी उपांत्य, असे लिहावयाचे होते. हे कोडे नव्हे, ही अडवणूक झाली. त्याच मालिकेतील १९९० च्या पाचव्या खेळात याहून वाईट प्रकार होता. नायकापाशी खाण्याचा एक गोड पदार्थ असतो. डोंगरात भूक लागली म्हणून त्याने तो खाल्ला, तर पुढे हिमराक्षसाच्या तोंडावर फेकावयास काही उरत नाही आणि खेळ कायमचा बुडतो. दुःखाची गोष्ट ही की, आपण बुडालो आहोत हे खाताना कळत नाही. खेळणारा बिचारा पुढे तासन् तास धडपडतो, पण सुटकेची वाट मागेच बंद झालेली असते.

या अन्यायाविरुद्ध त्या व्यवसायातूनच आवाज उठला. रॉन गिल्बर्ट या खेळकर्त्याने १९८९ साली एक लेख लिहून असल्या कोड्यांचा समाचार घेतला, आणि त्याच्या ‘मंकी आयलंड’ या १९९० च्या खेळात खेळणारा असा नकळत बुडू नये याची काळजी घेतली. तरीही १९९९ साली एका खेळात मांजराचे केस चिकटवून खोटी मिशी करण्याचे कोडे आलेच, आणि या खेळप्रकाराच्या ऱ्हासाचे उदाहरण म्हणून आजही त्याचाच दाखला देतात. अडलेल्यांसाठी दुकानात उत्तरपुस्तिकाही मिळत. त्यांपैकी काहींत उत्तरे अदृश्य शाईने छापलेली असत, आणि सोबतची लेखणी फिरवील तेवढीच ओळ उमटे. ही युक्ती मला फार समंजस वाटते. विचारणाऱ्याला हवे तेवढेच सांगावे, सगळे एकदम सांगून टाकू नये, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते.

आता या परंपरेतील एकाच खेळाचा उल्लेख करून घाटाकडे वळतो. १९९७ साली ‘रिव्हेन’ नावाचा खेळ निघाला. त्यात एका परक्या लोकांचे अंक होते, आणि ते वाचता आल्यावाचून पुढची दारे उघडत नसत. ते अंक कोणी शिकवीत नाही. खेळणाऱ्याने हिंडत हिंडत एका ओसाड शाळेत जावयाचे. तेथे मुलांचे एक खेळणे आहे. ते फिरविले की एक अंक दिसतो आणि टांगलेली बाहुली तितक्याच टप्प्यांनी खाली येते. टप्पे मोजावयाचे, अंक ओळखावयाचा. परके चिन्ह आणि आपल्याला कळणारी मोजणी जेथे शेजारी शेजारी सापडतात, तेथे किल्ली असते. नाणेघाटाच्या बाबतीत हेच घडले, आणि तेथे शाळेचे काम नाशिकच्या लेण्यांनी केले.

नाणेघाट म्हणजे कोकणातून जुन्नरकडे जाणारी प्राचीन वाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल वैशाखऱ्यावरून हा घाट चढून जुन्नरला व तेथून पैठणकडे जाई. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडत असे लोक सांगतात. खिंडीत एक लेणे आहे, आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, सातवाहनांच्या राणीचा लांबलचक लेख आहे. त्याचा काळ इसवी सनापूर्वीचे दुसरे की पहिले शतक, याविषयी पंडितांत एकमत नाही. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील माणसांच्या पुरुषभर मूर्ती होत्या व त्यांवर नावे कोरलेली होती: सिमुक सातवाहन, राणी नायनिका म्हणजे नागनिका, श्रीसातकर्णी आणि इतर. मूर्ती नाहीशा झाल्या, नावे राहिली.

१८२८ च्या उन्हाळ्यात कर्नल साइक्स या लेण्यात येऊन गेला. त्याने लेख पाहिला, पण तो वाचणार कोण? ब्राह्मी लिपी त्या वेळी कोणालाही येत नव्हती. ती गाठ १८३७ साली कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपने सोडविली, आणि तीही अशीच, दुसऱ्या जागेवरून. साँचीच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात असे त्याच्या ध्यानात आले. देवस्थानात इतक्या लोकांनी इतक्या ठिकाणी एकच शब्द का कोरावा? तो शब्द ‘दानं’ असला पाहिजे. तेथून एकेक अक्षर उलगडत गेले.

अक्षरे आली, तरी नाणेघाटाचा लेख पुरता वाचता येईना. त्यात राणीने केलेल्या यज्ञांची यादी आहे. अश्वमेध आहे, राजसूय आहे, आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा आहे. गायी दिल्या, येथवर वाचता येई. किती दिल्या? तेथे एक अनोळखी चिन्ह. हत्ती दिले, किती? पुन्हा चिन्ह. कार्षापण नाणी दिली, किती? एकापुढे एक तीन चिन्हे. शब्द बोलत होते आणि आकडे मुके होते. शिवाय चाराचा आकडा उभ्या-आडव्या रेघांच्या फुलीसारखा, आणि ब्राह्मीतला ‘क’ही फुलीसारखाच, तेव्हा अक्षर कोठे संपते व अंक कोठे सुरू होतो, हाही घोटाळाच.

आपण आज २४,४०० लिहितो तेव्हा अंकाची जागा त्याची किंमत ठरविते व शून्य रिकामी जागा राखते. त्या काळच्या लेखकापाशी ही सोय नव्हती. दहाला एक चिन्ह, विसाला दुसरे, शंभराला निराळे, हजाराला त्याहून निराळे. चारशे लिहावयाचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह चिकटवावयाचे. वीस हजार लिहावयाचे तर हजाराला विसाचे. हे माहीत नसलेला मनुष्य त्या भिंतीपुढे वर्षभर बसला तरी त्याला काही कळले नसते.

किल्ली नाशिकच्या पांडवलेण्यांत होती. नहपानाचा जावई उषवदात याने तेथे दानलेख कोरविले, आणि आपल्या सुदैवाने त्याला व्यापाऱ्यासारखी सवय होती: रक्कम अक्षरी लिहावी आणि पुढे अंकीही लिहावी. आज आपण पावतीवर लिहितो तसेच. तीन हजार कार्षापण त्याने ठेव म्हणून दिले. पैकी दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. दुसऱ्या ठिकाणी सत्तर हजार कार्षापण, एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण या भावाने दोन हजार सुवर्ण, असा हिशेब आहे. पस्तीस गुणिले दोन हजार म्हणजे सत्तर हजार. तेव्हा चिन्ह बरोबर वाचले की चुकीचे, याचा पडताळाही लेखातच ठेवलेला. मराठीचे व्याकरण लिहिणारे पाद्री स्टीव्हन्सन यांनी १८५३ साली या नाशिकच्या अंकांवर प्रथम चांगला हात घातला.

परंतु ही किल्ली घाटाच्या कुलपाला लावून दाखविली ती पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. त्यांचा जन्म १८३९ सालचा, जुनागडचा. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख त्यांच्या गावालगतच होता. मुंबईस डॉक्टर भाऊ दाजींनी त्यांना आश्रय दिला आणि लेखांच्या नकला आणावयास देशभर पाठविले. भगवानलालांना इंग्रजी बेताचेच येई. ते गुजरातीत लिहीत व इतर विद्वान त्याचे भाषांतर करीत. म्हणून त्यांच्या कर्तृत्वाचे माप नेहमीच थोडे कमी पडले, असे माझे मत आहे. कलकत्त्याच्या वा लंडनच्या खोलीत बसून दुसऱ्याने काढलेल्या नकलेवर जो विद्वान अडतो, त्याला आपण लेखावर अडलो की नकलेतील चुकीवर, हेही कळत नाही. भगवानलाल स्वतः दगडापुढे उभे राहत. आज या लेण्यात, उद्या त्या लेण्यात, असे हिंडल्यामुळे एकाच चिन्हाची दहा वळणे त्यांच्या डोळ्यांत भरलेली होती.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भगवानलालांचा नाणेघाटातील अंकांवरचा निबंध आला. मुके आकडे बोलू लागले. एका यज्ञात १,७०० गायी व १० हत्ती. एकात ११,००० गायी व १,००० घोडे. आणि ती तीन जोडचिन्हे म्हणजे वीस हजार, चार हजार, चारशे: २४,४०० कार्षापण. १८८३ साली ब्यूलरने साऱ्या लेखाचे वाचन व भाषांतर प्रसिद्ध केले. लेखातील दोन, चार, सहा, सात, नऊ हे अंक आपल्या आजच्या अंकांचे पूर्वज म्हणून जगभरच्या गणिताच्या इतिहासांत आता दाखवितात. ज्या वाटेवर नाण्यांचा एवढा खळखळाट होता, तिच्याच खालच्या मुलखातले धसई डिसेंबर २०१६ मध्ये महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. नाणे गेले तरी आकड्यावाचून चालत नाही, आणि ते आकडे याच अंकांच्या वंशातले.

तथापि घाटातले सगळेच कोडे सुटले असे कोणी समजू नये. भिंतीचा दगड जागोजाग उडाला आहे. ओळीच्या ओळी अर्ध्यावर तुटतात. काही दक्षिणांचे आकडे शाबूत आहेत, पण कोणत्या यज्ञाच्या ते शब्द गेले. कोठे यज्ञाचे नाव आहे आणि आकडा गेला. लेख करविणारी राणी नागनिकाच, हेही पंडितांनी मूर्तीवरच्या नावाच्या आधाराने ठरविले आहे. हे त्या पाचव्या खेळातल्या नायकासारखे आहे: जे हातचे गेले ते परत येत नाही. फरक एवढाच की, खेळ पुन्हा पहिल्यापासून मांडता येतो. नाशिकला जा, कार्ल्याला जा, कान्हेरीला जा. अक्षराचे वळण मिळेल, अंकाचा पडताळा मिळेल, पण उडालेल्या दगडावरचे नाव दुसऱ्या कोणत्याही लेण्यात मिळणार नाही. मागच्या भिंतीवर सिमुकापासून सुरू होणाऱ्या रांगेत पाचव्या मूर्तीच्या डोक्यावरची जागा अशीच आहे. तिच्या एका बाजूस कुमार भाय, दुसऱ्या बाजूस महारठी त्रनकयिरो. मधला कोण होता ते वाचता येत नाही.