वही कधी परत मिळणार?

मंडळी, या संक्रांतीला नातू पुण्याहून आला होता. गड्ड्याच्या यात्रेत हिंडून झालं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन झाली, पण त्याचं लक्ष कशातच नव्हतं. दर तासाला लॅपटॉप उघडायचा आणि मिटायचा. शेवटी मी विचारलं, "काय रे, निकाल लागायचाय का?"

"तसंच समज आजी. पॅच पाठवलाय. तीन आठवडे झाले, कुणी हो म्हणेना, नाही म्हणेना."

मग त्याने समजावून सांगितलं. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा प्रोग्राम कुणीही वाचावा, वापरावा, सुधारावा असा. सुचवलेल्या सुधारणेला पॅच म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळच. पण मूळ कापडाला लावण्याआधी ते जाणत्या माणसाने तपासावं लागतं. जाणते थोडे, ठिगळं घेऊन येणारे पुष्कळ. मला एकदम माझ्या टेबलावरचे वह्यांचे गठ्ठे आठवले.

विषय डोक्यातून जाईना, म्हणून त्याच्याकडून समजून घेत थोडं वाचलं. आणि त्यात पुणंच सापडलं!

पोस्टग्रेस नावाचा, माहिती साठवण्याचा एक मोठा ओपन सोर्स प्रोग्राम आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात त्याची सुरुवात झाली. आता जगभरचे लोक मिळून तो सांभाळतात. त्यात एखादी नोंद बदलली की जुनी लगेच पुसली जात नाही, नवी वेगळी लिहिली जाते. पूर्वी तिच्यासाठी प्रत्येक सूचीतही नवी ओळ घालावी लागे. २००७ मध्ये एंटरप्राइझडीबी कंपनीच्या पुण्यातल्या एका अभियंत्याने, इतरांच्या कल्पनांची मदत घेत, यावर उपाय लिहिला. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून सांगते. मुलाचा पत्ता बदलला, तर नवी नोंद त्याच पानावर खाली लिहायची आणि जुनीपासून तिच्याकडे बाण काढायचा. नावांच्या सूचीला हात लावायला नको, कारण नावही तेच आणि पानही तेच. फक्त पानावर जागा हवी. या युक्तीला 'हॉट' असं नाव पडलं.

त्या आवृत्तीसाठी नवं काम स्वीकारणं एप्रिल २००७ च्या सुरुवातीला थांबलं. पण आलेले पॅच तपासण्यात उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. 'हॉट' मूळ प्रतीत गेला तो २० सप्टेंबरला, टॉम लेन या ज्येष्ठ जाणकारांच्या हातून. लोकांपर्यंत पोचला फेब्रुवारी २००८ मध्ये. काम वाईट होतं म्हणून उशीर झाला नाही. ते मोठं आणि गुंतागुंतीचं होतं, चूक राहिली तर लोकांची माहिती बिघडणार, आणि इतकं खोल तपासू शकणारे मोजकेच. वाईट निबंधावर फुली मारायला वेळ लागत नाही, चांगलाच गठ्ठ्यात मागे पडतो!

त्या अनुभवातून मंडळी शहाणी झाली. मार्च २००८ पासून त्यांनी 'कमिटफेस्ट' सुरू केलं. वर्षातून काही वेळा ठरावीक काळ साचलेले पॅच तपासायलाच बसायचं. प्रत्येक पॅचची यादीत नोंद, आणि त्याचं काय झालं तेही तिथेच: स्वीकारला, नाकारला की सूचनांसह परत. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम म्हणजे, ज्याने पॅच दिला त्याने दुसऱ्याचाही एखादा तपासावा. पॅच नीट बसतो का, सांगितलेलं काम करतो का, सोबत माहिती लिहिली आहे का, एवढं तर नवखाही पाहू शकतो. ज्येष्ठांकडे मग अवघड तेवढंच उरतं. रांग आजही संपलेली नाही, पण कोण कुठे उभं आहे हे तरी दिसतं.

फायरफॉक्सवाल्या मोझिलानेही पुढे एकदा आपल्या नोंदी तपासल्या होत्या. पहिल्या कामाची तपासणी ४८ तासांत झाली ते नवखे फार मोठ्या प्रमाणात परत आले. सात दिवसांहून जास्त थांबावं लागलं ते जवळजवळ कुणीच परत आले नाहीत.

हे वाचलं आणि मला एक वही आठवली.

वर्गात पूर्व भागातला एक मुलगा होता. वडील मागावर, घरात तेलुगू. नेमून दिलेला नसताना त्याने एकदा मागाच्या आवाजावर मराठीत निबंध लिहून आणला. ऱ्हस्वदीर्घाचा आनंदीआनंद, पण काय लिहिलं होतं! मी ठरवलं, ही वही घाईत तपासायची नाही, निवांत बसून एकेक ओळ बघायची. तो रोज तासाला विचारायचा, "बाई, माझी वही?" मी म्हणायची, "बघते रे." दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर भरपूर लाल शाईसह वही परत दिली. त्याने ती न उघडताच दप्तरात ठेवली. पुन्हा आपणहून त्याने काही लिहून आणलं नाही.

माझी चूक आता कळते. पोच आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी. "वाचला, आवडला, सविस्तर पुढच्या आठवड्यात सांगते" एवढं दुसऱ्या दिवशी म्हणायला मला काय झालं होतं? मी चांगलं तपासण्याच्या नादात त्याला काहीच सांगितलं नाही, आणि त्या गप्प राहण्याचा त्याने त्याच्या परीने अर्थ लावला.

नातवाला म्हटलं, "तुझ्यासारखा दुसरा कुणीतरी तिथे ताटकळत असेल. त्याचं काम वाचून दोन ओळी लिही की."

तो म्हणाला, "मी नवखा, मला कोण विचारतंय?" पण रात्री बराच वेळ बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाला, "आजी, त्या पोराचं लगेच उत्तर आलं. ब्राझीलचा आहे. फार खूश झाला."

त्याच्या स्वतःच्या पॅचला मात्र परवापर्यंत उत्तर नव्हतं. पण लॅपटॉप आता बघायला नाही, लिहायला उघडतो म्हणे.

असो. तुमच्यापैकी कुणाकडे कुणाची वही पडून असेल, तर आजच एक ओळ कळवा. लाल शाई मागाहून चालेल.