चाळीस जणांची धाड



कामगार संघटनेचा माणूस इतिहासावर बोलणार म्हटल्यावर आपणांपैकी पुष्कळांनी एखाद्या संपाची हकीकत अपेक्षिली असेल. आज आम्ही बोलणार आहोत ते संगणकावरील खेळांबद्दल, आणि त्यातही एका लहानशा गोष्टीबद्दल : अनेकांनी मिळून करावयाच्या मोहिमांना नावे कशी पडली. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि ग्रंथालयात व युनियनच्या कचेरीत अधिक झाले. या विषयाची गोडीही कचेरीतच लागली. आमचा हिशेब लिहिणारा तरुण काम आटोपल्यावर असा एक खेळ खेळतो. एकदा त्याच्या पडद्यावर आम्ही ओळ वाचली : 'डी. एम.साठी दोघे हवेत.' मजूर नाक्यावर मुकादम देतो तशीच ही हाळी! आम्ही चौकशीस लागलो.

या खेळांत हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक प्रदेशात वावरतात. कोणी ढाल धरतो, कोणी जखमा बऱ्या करतो, कोणी वार करतो. एकट्यास न झेपणारे काम टोळी जमवून करावे लागते. अशा कामांना दोन नावे बहुतेक सर्वत्र आढळतात, 'डंजन' आणि 'रेड'. डंजन म्हणजे अंधारकोठडी असे आपण समजतो. परंतु ज्या जुन्या फ्रेंच शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ किल्ल्याचा मुख्य बुरूज, आणि त्याचेही मूळ धनीपणा दाखविणाऱ्या लॅटिन शब्दात आहे. वरचा बुरूज धन्याचा, आणि पुढे तेच नाव खालच्या कोठडीला! शब्दकोश चाळणाऱ्यास अशी मौज फुकट मिळते. 'रेड' हा स्कॉटलंडकडचा शब्द 'रोड'चा सख्खा भाऊ होय. मुळात दोन्हींत घोड्यावरून जाण्याचाच अर्थ. आपण त्याला धाड म्हणू.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ काढला. १९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने, व पुढे रिचर्ड बार्टल याने, अनेकांना संगणकावर एकाच वेळी खेळता येईल असा 'मड' रचला. त्या नावातला शेवटचा 'ड' डंजनचाच. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये गट सहा जणांचा असे, पण मोठा ड्रॅगन सहांना आटोपत नसे. मग गटास गट जोडून धाड निघे. प्रदेश सर्वांस खुला आणि ड्रॅगन एक, त्यामुळे पाळीवरून तंटे होत. २००१ च्या 'अनार्की ऑनलाइन'ने प्रत्येक टोळीला त्या जागेची स्वतंत्र प्रत काढून देण्याची युक्ती आणली. प्रतीला प्रोग्रॅमरांचा 'इन्स्टन्स' हा शब्द चिकटला. कारखान्यातला शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी गेला म्हणावयाचे.

नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला, आणि येथून आमची खरी गोष्ट सुरू होते. जागांना नावे कंपनीने लांबलचक दिली. हाळी देणाऱ्यांनी ती आद्याक्षरांवर आणली. 'डेडमाइन्स' ही नवख्यांची खाण झाली डी. एम. २००५ मध्ये कसलेल्यांसाठी 'डायर मॉल' उघडले, तेही डी. एम.! घोटाळा टाळण्यासाठी पुष्कळांनी खाणीला तेथील म्होरक्या एडविन व्हॅनक्लीफ याच्या नावावरून व्ही. सी. म्हणावयास आरंभ केला. हा व्हॅनक्लीफ कोण? युद्धात उद्ध्वस्त झालेले स्टॉर्मविंड शहर ज्या पाथरवटांनी पुन्हा उभारले, त्यांचा पुढारी. सरदारांनी मजुरी बुडविली, दंगा झाला, पाथरवट परागंदा होऊन दरोडेखोर बनले. खेळणाऱ्याने त्याला ठार मारावयाचे आणि बक्षीस घ्यावयाचे, असा खेळाचा कायदा. आमच्या तरुणाने हे सांगितले तेव्हा आम्ही त्याच्याकडे जरा रोखूनच पाहिले.

नावासोबत आकडा येई. पाचांचे डंजन, धाड विसांची किंवा चाळिसांची. 'मोल्टन कोअर' चाळिसांचे. आम्हांस हा आकडा हजेरीपटासारखा वाटतो, कारण तो बदलला की माणूस बाहेर पडतो. जानेवारी २००७ मध्ये नवी आवृत्ती आली आणि मोठी धाड पंचविसांची ठरली. चाळिसांच्या संघातील पंधरा जणांचे काय? शिवाय पहिली धाड, 'काराझान', दहांची. पहिल्या दहांत कोण आणि दुसऱ्या दहांत कोण, यावरून जुने स्नेह तुटले. कोणाची भाकरी गेली नाही, हे आम्ही जाणतो. परंतु रात्रीमागून रात्री ज्याच्या भरवशावर ढाल धरली, त्याला 'आज तुझी जागा नाही' असे सांगणे ज्याच्या वाट्यास येते, त्याची अवस्था आम्हांस ठाऊक आहे. तसे बोलणे आमच्याही वाट्यास आलेले आहे.

डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने डंजनसाठी सोबती यंत्राकडून जुळविण्याची सोय केली, २०११ मध्ये धाडीसाठीही. हाळी थांबली, आणि नाव उच्चारण्याचे कारणही उरले नाही. २०१४ मध्ये श्रेणींचीच नावे बदलली : 'नॉर्मल' होते ते 'हिरोइक' झाले, 'हिरोइक' होते ते 'मिथिक'. काम तेच, बिल्ला वरचा. पगारवाढीऐवजी हुद्दा वाढवून मिळालेल्यांस हे समजावून सांगावयास नको. मिथिक मात्र विसांचेच; म्हणजे पंचविसांतून आणखी पाच गेले, आणि दहांच्या लहान संघांना आणखी दहा शोधावे लागले.

इतरांची नावे निरनिराळी. 'स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक'मध्ये मोठ्या मोहिमेला 'ऑपरेशन' म्हणतात, 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मध्ये बारांच्या मोहिमेला 'ट्रायल'. जपानी 'फायनल फँटसी'च्या चौदाव्या खेळात जपानी भाषेत या साऱ्यास 'कंटेंट्स' म्हणतात, आणि इंग्रजीत 'ड्यूटी'! दिवसभर ड्यूटी करून आलेला माणूस रात्री करमणुकीसाठी पुन्हा ड्यूटी शोधतो, यावर आमच्या कचेरीत बरेच दिवस हसणे चालले होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने 'वॉरक्राफ्ट'चे जुने रूप पुन्हा खुले केले. चाळिसांची धाड परतली, हाळी परतली, आणि डी. एम. की व्ही. सी. हा वादही. आमचा हिशेबनीस याच जुन्या रूपात खेळतो आणि हट्टाने डी. एम.च लिहितो. त्या संध्याकाळी त्याला दोघे तत्काळ मिळाले. दोघेही डायर मॉलला निघालेले.