एक लिटर, सीलबंद

खिडकीच्या गजाला हात लावू नका, चटका बसेल. 1995 च्या आसपासचा मे महिना आहे. भर दुपार. सेकंड क्लासच्या डब्यात रेक्झिनच्या बाकाला तुमची पाठ चिकटली आहे. नांदगाव मागे पडलं. झळांबरोबर धूळ आत येते आणि शेजाऱ्यांच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास नाकात शिरतो. तुमच्या फिरकीच्या तांब्यात घोटभर पाणी उरलंय, तेही कोमट.

"मनमाड आलं, मनमाड!"

डब्यात एकच गडबड उडते. काका बाकाखाली चपला शोधतात, पोरं गळ्यातल्या वॉटरबॅगा काढून बापाच्या हाती देतात. कोपऱ्यातल्या आजी खिडकीला टांगलेली कॅनव्हासची पिशवी तुमच्यापुढे धरतात. "बाळा, एवढी भरून आण. अन् शिट्टी झाली की तसाच ये, पाण्यापायी गाडी चुकवू नकोस."

उतरा लवकर! नळांपाशी ही झुंबड उडालीय. कुणाचं कोपर तुमच्या फासळीत रुततं, कुणाची कळशी गुडघ्यावर आदळते. एका धारेखाली चार भांडी, आणि धार करंगळीएवढी. पाण्याची टंचाई मनमाडच्या पाचवीलाच पुजलेली. "आधी लेकरांना घेऊ द्या हो!" कुणीतरी ओरडतं, आणि एवढ्या रेटारेटीतही गर्दी खरोखर बाजूला सरते. तुमची पाळी येते. ओंजळ धरा. पहिलं पाणी तापलेल्या पाइपातलं, ऊन आणि लोखंडाच्या चवीचं. मग हळूहळू गार होतं. तुम्ही पिता, तोंडावर मारता, ते मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. मागचे गृहस्थ न सांगता आजींच्या पिशवीचं तोंड धरून देतात.

आता वळून त्या स्टॉलकडे बघा. बर्फाच्या लादीवर निळ्या लेबलाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आडव्या ठेवल्यात. सफारी सूटातले एक साहेब एक लिटरची बाटली घेतात, झाकण पिळतात. कट्! सील तुटल्याचा तो आवाज ऐकायला दोन पोरं थबकतात. "पाण्याला एवढे पैसे?" काका पुटपुटतात. खरंच आहे, तेवढ्यात तिघांचा चहा-वडा झाला असता.

हे पाणी तसं नवं नाही. ठाण्यात बिसलेरीचा कारखाना 1965 साली निघाला, 1969 मध्ये पार्लेने ती कंपनी घेतली. पण तेव्हा पाणी काचेच्या बाटलीत असायचं, मोठ्या हॉटेलांतल्या टेबलांवर. हलकं, न फुटणारं प्लॅस्टिक आलं तसं ते त्या टेबलांवरून थेट तुमच्या फलाटावर उतरलं.

साहेब बाटली तुमच्यापुढे करतात. "घ्या, वरूनच प्या." प्लॅस्टिक बोटांखाली कडकड चेपतं, गारवा दातांना झोंबतो. चव? काहीच नाही. माठाचा मातकटपणा नाही, तांब्याचा कस नाही. पाणी इतकं कोरं लागू शकतं, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतं.

"रिकामी झाली की चेपून टाका साहेब," स्टॉलवाला बजावतो, "नाहीतर नळाचं पाणी भरून परत विकतात." साहेब मान डोलावतात आणि बाटली बॅगेत जपून ठेवतात. घरी फ्रिजमध्ये उभी राहील ती.

तेवढ्यात एक बाई पुढे येते. कडेवरचं पोर जुलाबांनी मलूल झालंय. ती रुमालाची गाठ सोडून नाणी मोजते, पुन्हा मोजते, मग बाटली घेते. सील तुटलेलं नाही ना, हे नखाने चाचपून बघते. तिला कुणी पाण्याची किंमत विचारू नये. कावीळ आणि जुलाब घरात पाहिलेल्याला त्या सीलचं मोल कळतं.

शिट्टी! पळा. आजींची भरलेली पिशवी मांडीवर गळते, तुमची पँट भिजते. आजी आधी समोरच्या पोरांना पाजतात, मग तुम्हाला, मग स्वतः पितात. कुणी कुणाला नाव-गाव विचारत नाही.

इथूनच आजच्या काळात परत फिरा. त्या आईने बाटली घेतली ते योग्यच केलं. पण तिच्या पोराला लागणारं शुद्ध पाणी त्या नळालाही यायला हवं होतं, रुमालात नाणी असोत वा नसोत. आपण बाटलीची सवय लावून घेतली आणि नळाकडे बघणंच सोडलं, हे मला सलतं. तेव्हा पुढच्या प्रवासात फलाटावरचा नळ उघडून बघा. पाणी येत नसेल किंवा घाण येत असेल, तर स्टेशन मास्तरांकडे तक्रारवही मागा आणि गाडी सुटायच्या आत दोन ओळी लिहा.