बॅट कुणाची, कप्तान कोण?

सुट्टीच्या दिवशी चोपड्यातल्या कुठल्याही मोकळ्या पटांगणावर जा. ‘ज्याची बॅट तो कप्तान’ हा तिथला कायदा. खेळायला कुणालाही घेतात. पण कप्तानपद सहजी सोडत नाहीत. श्रोतेहो, मोठ्यांच्या खेळातही हेच घडले आहे.

अमेरिकेचा लाडका खेळ बेसबॉल. त्याच्या व्यावसायिक प्रमुख लीगमध्ये सुमारे सहा दशके कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम कुठेच नव्हता, तरी सारे मालक तो पाळत. 15 एप्रिल 1947 रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि ही भिंत कोसळली. शिवीगाळ झाली, धमक्या आल्या. सुरुवातीला प्रत्युत्तर द्यायचे नाही, असे संघाचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतले होते. त्याने उत्तर खेळातून दिले. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू तोच ठरला.

आपल्याकडे ही वाट त्याच्या आधी अर्धे शतक बाळू पालवणकर चालले होते. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये महिन्यावर खेळपट्टी तयार करणारा हा चर्मकार समाजातला तरुण साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. बॅट मात्र हाती मिळायची नाही. त्याची डावखुरी फिरकी पाहून हिंदूंच्या संघाने त्याला घेतले. मैदानात एकच चेंडू सगळ्यांच्या हातून फिरे, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा! 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी दिले गेले नाही. 1920 साली या प्रश्नावरून विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतले. अखेर 1923 साली विठ्ठल कप्तान झाले आणि मुंबईची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली.

तिकडे काय झाले? ऑक्टोबर 1972 मध्ये सत्काराला उत्तर देताना, थकलेल्या रॉबिन्सनने जाहीरपणे सांगितले की, संघ चालवणारा कृष्णवर्णीय मॅनेजर आपल्याला पाहायचा आहे. नऊ दिवसांनी तो गेला. 8 एप्रिल 1975 रोजी क्लीव्हलँडची सूत्रे फ्रँक रॉबिन्सनकडे आली. दोघांचे आडनाव एक, नाते काही नाही. त्या दिवशी पहिला मानाचा चेंडू टाकला तो जॅकीच्या पत्नीने, रेचेलने.

गुण असला की खेळायला घेतात, कारण सामना जिंकायचा असतो. त्याच माणसाचा हुकूम मानायची वेळ आली की मात्र मन आखडते. म्हणून 1947 इतकेच 1975 मोलाचे, आणि आपल्यासाठी 1923.

संध्याकाळी पोरे खेळून घरी आली की ‘कोण जिंकलं?’ हे आपण विचारतोच. ‘आज कप्तान कोण होता?’ हेही विचारून पाहा.