माझं चुकलेलं उत्तर



१९९५ साली आपण दहावीत होतो तेव्हा ‘बॉम्बे’चं अधिकृत नाव ‘मुंबई’ झालं. आपल्याला त्याचं नवल नव्हतं. घरी आणि मराठी पुस्तकांत मुंबईच होती. इतिहासाच्या तासाला मात्र प्रश्न आला, ‘बॉम्बे’ आलं कुठून? मी पटकन हात वर केला : पोर्तुगीज ‘बॉम बाहिया’, म्हणजे चांगली खाडी. शाबासकी मिळाली. कोळीवाड्यातून येणारी आपली एक मैत्रीण मागच्या बाकावरून म्हणाली, ‘‘ते पण आमच्या मुंबादेवीचंच नाव आहे.’’ वर्ग हसला. मीही हसले.

पुढे मी इंजिनीअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये रमले. चुकीची ओळ शोधून काढायची सवय लागली आणि एकदा माझंच उत्तर तपासलं. पोर्तुगीजमध्ये ‘बाहिया’ स्त्रीलिंगी, म्हणून विशेषण ‘बोआ’ हवं. ‘बॉम बाहिया’ म्हणजे ‘चांगला खाडी’! दुसरी गोष्ट तारखांची. ही बेटं पोर्तुगीजांना गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाली १५३४ साली. पण त्याआधीच, १५१६ च्या सुमारास, दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजानं इथलं नाव ‘ताना-मायांबू’ असं नोंदवलं होतं. त्यातलं ‘ताना’ म्हणजे ठाणं, आणि ‘मायांबू’ म्हणजे मुंबई असं अभ्यासक मानतात. म्हणजे राज्य यायच्या आधीपासून नाव इथंच होतं. मुंबा अधिक आई, कोळ्यांची देवी. तिचं जुनं देऊळ बोरीबंदरापाशी होतं. नंतर ते झवेरी बाजाराजवळ आलं.

पोर्तुगीजांनी या नावाचं ‘बोंबाईं’ केलं, इंग्रजांनी ‘बॉम्बे’. १६६१ च्या विवाह-तहात बेट इंग्लंडच्या राजाला आंदण गेलं, आणि १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीकडे आलं. मग नाव गलबतांवर चढून जगभर फिरलं. कामानिमित्त न्यूझीलंडला गेले होते. ऑकलंडहून दक्षिणेला जाताना रस्त्यावर पाटी दिसली : ‘बॉम्बे’. १८६३ मध्ये ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजातून आलेल्या लोकांनी वसवलेलं ते गाव. आजूबाजूला टेकड्या आणि शेतं. समुद्र नाही, खाडी नाही, कोळी नाहीत. तरी नावात मुंबादेवी आहेच! आजही आपलं हायकोर्ट ‘बॉम्बे’चं आणि विमानाच्या तिकिटावर आपल्या शहराची खूण ‘बीओएम’.

त्या पाटीसमोर मला मागचा बाक आठवला. आमचं उत्तर पुस्तकातलं होतं, तिचं घरातलं. आम्हाला पुस्तकातलंच खरं वाटलं. बाईंचाही दोष नाही. तेव्हा सगळीकडे तेच छापलेलं असायचं.

मैत्रिणी, संमेलनाला तू येणार आहेस असं कळलं. भेटल्यावर बोलेनच, पण वर्ग हसला होता सगळ्यांसमोर, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते : उत्तर तुझं बरोबर होतं. शाबासकी तुझी. माझ्याकडे ती उगाच इतकी वर्षं राहिली.